पळायला लागलेय

ताई, इतक्या लांबूनच तुला वाकून नमस्कार.

मी बरी आहे. वेळेवर जेवते, खोलीत ऊनही येतं.

हसू नकोस, मी पळायला लागलेय. मॅरेथॉनसाठी! शाळेत शर्यत आली की पोट दुखतंय म्हणून बसून राहायची, तीच मी. तीन आठवडे झाले, तरी एका दमात एक किलोमीटरही होत नाही. पळायला शिकवणारे काका निवृत्त पोस्टमन आहेत. म्हणतात, "गप्पा मारता येतील इतकंच हळू पळा."

आईला सांगितलंय, मी वजन कमी करायला पळतेय. खरं तुला सांगते. गेल्या महिन्यात हॉस्पिटलात ड्युटीवर असताना वॉर्डातल्या एका आजींसाठी रक्ताची पिशवी आणायला मला तळमजल्यावर पाठवलं होतं. लिफ्ट बंद होती. पाच मजले चढायचे होते, पण तिसऱ्यावरच दम संपला आणि मी कठडा धरून उभी राहिले. वर पोचले तेव्हा आजींच्या तोंडावर चादर ओढलेली होती. डॉक्टर म्हणाले, "दोन मिनिटांनी काही फरक पडला नसता." सगळे तेच म्हणतात.

काल पळताना तशीच धाप लागली आणि मी रस्त्याच्या कडेला बसून रडले. काकांना सगळं सांगितलं. त्यांनी समजूत घातली नाही. शेजारी येऊन बसले, मग म्हणाले, "उठा, आज चालत जाऊ."

आईचे गुडघे कसे आहेत? तुझी छकुली बोलायला लागली का? सविस्तर लिही. फक्त 'तुझी काही चूक नव्हती' एवढं लिहू नकोस.

तुझीच,
धाकटी