एका वेळी एकच ट्रे

मंगळवार, ४ फेब्रुवारी
शाळेतून बोलावणं. गणिताच्या बाईंनी सरळ सांगून टाकलं — सोमवारपर्यंत प्रकल्प आला नाही, तर लेकीचं नाव वरच्या गणितवर्गातून कमी. "हुशारी घेऊन काय करू? शुद्ध आळस आहे तो." अकरा वर्षांची पोर दहावीची गणितं तोंडी सोडवते, आणि सकाळी दुसरा मोजा शोधता शोधता बस चुकवते! घरी येऊन मीही तोंडसुख घेतलं. ती टेबलाखाली जाऊन बसली. बाहेर येईना.

बुधवार, ५
समुपदेशकांकडे गेलो. हुशारीही खरी, अडचणही खरी, असं म्हणाल्या त्या. उत्तर तिला चटकन दिसतं. सुरुवात कुठून, आधी काय, वेळ किती लागेल — हे दिसत नाही. ते सगळं तिच्या डोक्याबाहेर, डोळ्यांसमोर मांडा, म्हणाल्या. म्हणजे कसं मांडू?

गुरुवार, ६
सुचलं! लॅबमध्ये रोज रक्ताच्या दोनशे नळ्या माझ्या हाताखालून जातात, गल्लत होत नाही. कारण टेबलावर एका वेळी एकच ट्रे. स्टोअरमधून पाच कोरे ट्रे मागून आणले. प्रकल्पाचे पाच तुकडे लेकीनेच पाडले. पहिल्या ट्रेमध्ये फक्त पट्टी, पेन्सिल, आलेखाचा कागद. बाकीचे कपाटात. मी शेजारी, तोंडाला कुलूप. दहा मिनिटं ती नुसती बघत राहिली. मग तिने पट्टी उचलली. जेवणाआधी दोन ट्रे रिकामे!

शनिवार, ८
चौथा ट्रे फसला. रडली, कागद फाडला. तुकडाच मोठा होता, चूक तिची नव्हे. त्याचे दोन केले आम्ही, सहावा ट्रे घरातलाच. संध्याकाळी जमलं.

रविवार, ९
सहाही ट्रे रिकामे. "आई, मी संपवलं," म्हणाली. आजवर तिचं काहीच संपलं नव्हतं.

सोमवार, १०
बाईंनी अख्खा प्रकल्प वाचला आणि वर्गापुढे समजावून सांगायला उभं केलं तिला. वर्गातली जागा पक्की! कोपऱ्यापासून पळत आली सांगायला. मी दारातच रडले. ती हसत होती.

मंगळवार, ११
बाईंचा फोन. नाव बघून वाटलं, पुन्हा काहीतरी राहिलं. पण तक्रार नव्हती. लेकीने त्यांना ट्रेंचं सगळं सांगितलं होतं. म्हणाल्या, "माझी थोरली पंधराची आहे. मी तिला आजवर आळशीच म्हणत आले. तिला घेऊन येऊ का तुमच्याकडे?"
आत्ताच या, म्हटलं.