एका वायरीसाठी भिंत

मंगळवार, संध्याकाळ

एक निळी वायर वरच्या खोलीत न्यायची होती, एवढंच! वायफाय तिथं पोचत नाय, माझ्या लेकीची, पूजाची, ऑफिसची मीटिंग दर पाच मिनिटाला तुटते, म्हणून वायरमन सलीमभाईंना बोलावलं. बोटाएवढं भोक पाडायचं होतं. ड्रिल लावताच ताटाएवढा गिलावा धाडकन खाली. सोफ्यावर, टीव्हीवर, माझ्या चहात, वाळूच वाळू.

सलीमभाई भिंत नखानं खरवडत म्हणाले, "साहब, इस दीवार को पानीच नई मारे."

डोकंच फिरलं. घर बांधलं ते दुष्काळाचं साल. तरी मी टँकर मागवायचो, सिमेंट पक्कं व्हावं म्हणून भिंतींवर रोज पाणी मारा असं बजावायचो आणि मगच वाळूजला कंपनीत शिफ्टला जायचो. मिस्त्रीला तासभर शिव्या घातल्या. तो बिचारा वारलाय, तरी घातल्या.

बापू, माझे वडील, कोपऱ्यात बसून ऐकत होते. बांधकामावर राखणीला गावाकडून, लासूरहून तेच आले होते, आपल्या शेळ्या घेऊन. शेवटी म्हणाले, "त्याला नको बोलू. भिंतीचं पाणी मी शेळ्यांना पाजलं."

"अहो बापू, पण भिंत..."

"शेळ्या वरडत व्हत्या. भिंत वरडत नव्हती."

वायर खालीच पडलीय आणि मी ते ताटाएवढं भोक बघत बसलोय. चीड काढायलासुद्धा कुणी उरलं नाय. पूजा त्या उन्हाळ्यात दीड वर्षाची होती, त्याच शेळ्यांच्या दुधावर.