फळीवर हाईस ना?

अण्णा, आज घरातला जळका स्विच बदलायला तुमची फळी काढली आणि काम राहिलं बाजूला, तुम्हाला लिहीत बसलो. ही फळी तुम्ही पालीहून एसटीनं आणली होती, गोणपाटात गुंडाळून. त्या दुष्काळात बिंदुसरा आटली, नदीचं पाणी शेतांना उपसून देणारी आपली सोसायटी बसली. तुम्ही तिचे वायरमन. मोटारी बंद, तरी रोज मोटारघरात जायचात, शॉक लागू नये म्हणून ह्याच फळीवर उभं राहून पॅनल पुसायचात. आई हसायची. "लाईन काय सांगून येती व्हय?" तुम्ही म्हणायचात. सोसायटीला कुलूप लागलं तेव्हा तुम्ही तेवढी फळी मागून घेतलीत, आणि घेऊन आलात ती थेट माझ्याकडं, विमानांचे रेडिओ दुरुस्त करायच्या माझ्या कामावर.

तुम्ही हँगरच्या दारात उभे आहात. मी शिकाऊ विमानाचा रेडिओ टेबलावर उघडून बसलोय, मनगटाला पट्टा, त्याची वायर अर्थिंगला. कोरड्या हवेत अंगात वीज साठते, आपल्याला कळतही नाही, पण तेवढ्यानं रेडिओतलं कार्ड मरतं. म्हणून ती वायरीतून जमिनीत सोडायची, ही आमची रीत. तुमचा सगळा जन्म जमिनीपासून अंग अलग ठेवून काम करण्यात गेलेला. तुम्ही धावतच आलात. "आरं, अर्थिंगला कावून बांधून घेतलंस? मरशील की!" म्हणत पट्टा ओढून काढलात. साहेब, पोरं, सगळे हसले. मी हसलो नाही, शहाण्यासारखा समजावत बसलो, "अण्णा, हे माणसासाठी न्हाई, मशीनसाठी हाय." तुम्ही म्हणालात, "म्हंजे मशीन वाचवायला माणूस बांधायचा?" आणि वाकून फळी माझ्या पायाखाली सरकवलीत. मी ती उचलून भिंतीला लावली.

मग दर फोनला तेच, "फळीवर हाईस ना?" आणि दर वेळी मी तोच पट्टा, तेच कार्ड, तेच अर्थिंग. लई हुशार ना मी! आई सांगते, फोन ठेवला की तुम्ही अंगणात येरझाऱ्या घालायचात. बीडच्या दवाखान्यात तुमचा आवाज गेला होता, तेव्हा तुम्ही तळहात आडवा धरून माझ्या पायांकडं बोट केलंत. मला बरोबर कळलं. तरी म्हणालो, "अण्णा, आमच्या कामात तिची गरज नसते." काय बिघडलं असतं, नुसतं 'हो' म्हणालो असतो तर? माझं काही जात नव्हतं. तुम्ही तो घोर घेऊनच गेलात, याचं मला फार वाईट वाटतं, अण्णा.

हा कागद कुठं टाकायचा, तेही कळत नाही. आज मेन स्विच बंद केला, पायात रबरी चप्पल होती, तरी फळीवर चढलो. घरात कुणी नव्हतं. मोठ्यानं म्हणालो, "हो अण्णा, फळीवरच हाय." मग स्विच तसाच राहिला, आणि मला खाली उतरवेना.