गुणीचा पळायचा पाय

४ ऑगस्ट, रविवार. सकाळ.
आजपासून नवीन सुरुवात. पहाटे पाचला उठणे. तंबाखू बंद. चिडचिड बंद. (तंबाखू उद्यापासून. डबी कालच भरलीय, टाकवत नाही.)

कारणही तसंच आहे. गुणीने मला हँडलर नेमलं.

गुणी म्हणजे गुणवंती, माझ्या थोरल्या भावाची मुलगी. लहानपणी गावी ट्रकखाली सापडली, उजवा पाय मांडीपासून गेला. उपचारासाठी आमच्याकडे डिलाईल रोडला आणली ती इथलीच झाली. आता बँकेत आहे आणि उरलेल्या वेळात ट्रायथलॉन करते. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. मध्ये चहासुद्धा नाही. दसऱ्याला वडाळ्यात दिव्यांग बायकांच्या एलिट गटाची निवड चाचणी आहे. पहिली येईल तिला भारताच्या टीममधून परदेशी नेणार.

पोहताना आणि सायकलवर ती एकाच पायाने भागवते. पळायला मात्र वेगळा पाय आहे, खाली वाकडं पातं असलेला. पाण्यातून बाहेर आल्यावर तिला आधार द्यायला आणि सायकलनंतर हा पाय हातात द्यायला एकाच माणसाला आत सोडतात. तो हँडलर. गुणी म्हणाली, काका, तुम्ही फक्त खुर्चीजवळ उभे राहा आणि मी मागेन ते द्या. म्हणजे थोडक्यात सगळी मदार माझ्यावर.

मालन, म्हणजे आमचं कुटुंब, म्हणाली, अगं बाई, यांच्याकडे देतेस? त्यावर गुणी म्हणाली, काकांनीच मला पहिल्यांदा पाण्यात नेलं होतं ना, मग काकाच. खरं आहे. दादरच्या चौपाटीवर मीच नेली होती. मी वाळूत चपला सांभाळत बसलो होतो, पण नेली मीच. डोळ्यांत पाणी आलं. गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

५ ऑगस्ट. साडेसात.
आत्ता उठलो. गुणी कधीच गेली. मला उठवायला नको? मालन म्हणते, दोनदा उठवलं, तुम्ही कूस बदलून झोपलात. पुरावा नाही.

११ ऑगस्ट, रविवार.
गुणीच्या कोचला भेटलो. डोरिस मिस. दादरच्या शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झाल्यात. बाई तरतरीत आहे, गळ्यात अजून शिट्टी असते, पण मशिनरीतलं काही कळत नाही.

पळायच्या पायाची माहिती देत होत्या. वर एक पेला असतो त्याला सॉकेट म्हणायचं. त्यात मांडी बसते आणि नुसत्या हवेच्या ओढीवर टिकते. मिस म्हणाल्या, लिसन उत्तमराव, आतून एकदम कोरडं पायजे, पाणी नको, पावडर नको, तेल तर बिलकुल नको, नाहीतर पोरगी तोंडावर पडेल. मी मान डोलावली.

पण त्याचा गुडघा करकरतो. मला स्पष्ट ऐकू आलं. मी तसं बोललोही. मिस म्हणाल्या, तो तसाच असतो, सोडा तुम्ही. सोडा! ज्याने मिलच्या लूम-खात्यात, मागांमध्ये, उमेदीची वर्षं घालवली त्याला हे सांगतात. असा आवाज करणारा लूम मी एक पाळीसुद्धा चालू दिला नसता.

गिरण्यांचा संप झाला नसता तर मी जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम म्हणून रिटायर झालो असतो. माझ्या हाताखाली माणसं असती. मालन म्हणते, तुम्ही बदली कामगार होतात, मशीनवर कमी आणि गेटवर जास्त. तिला खात्यातलं काय माहीत. आणि तो संप कोणी मागे घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मी अजून संपावर आहे. हे लोक लक्षातच घेत नाहीत.

२० ऑगस्ट.
स्वतः फिट असल्याशिवाय दुसऱ्याला काय सांगणार? म्हणून आज गुणीबरोबर पळायला गेलो. नाक्यापर्यंत उत्तम. नाक्यावर लवू भेटला. लवू माझा मिलमधला जुना दोस्त, त्याला टाळून जाणं बरं दिसत नाही. चहा झाला. गुणी तोवर दोन फेऱ्या मारून परत आली आणि म्हणाली, काका, घरी येताय का बसताय? बसलो.

तंबाखू कमी केली आहे. म्हणजे मोजायचं सोडलं आहे.

६ सप्टेंबर.
गणपतीत सराव होत नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. गुणीचा झाला. माझा झाला नाही. मंडपात माझ्याशिवाय पान हलत नाही. लवू म्हणाला, तू काय करतोस मंडपात, खुर्चीवर तर बसलेला असतोस. देखरेख बसूनच करतात.

१५ सप्टेंबर.
आज गॅलरीत रंगीत तालीम. लवू गुणी झाला, त्याची काठी पाय झाली. मी म्हणालो, तू सायकलवरून उतर, खुर्चीत बस, मी पाय देतो. लवू खुर्चीत बसला तो उठेचना. म्हणाला, मालनवयनी, वाईच चाय टाका, माका घाम इलो. तेवढ्यात काठी माझ्या हातून सुटून खाली भाजीवाल्याच्या टोपलीत पडली. तरी एकंदर टायमिंग चांगलं होतं.

गुणी दारात उभी होती. हसली, पण जरा उशिराने हसली.

२२ सप्टेंबर.
चैन नाही. उठतो, बसतो, जिना उतरतो, चढतो. खाली गेलो की वाटतं वर काहीतरी ठरतंय.

ठरलंच होतं. डोरिस मिस घरी येऊन गेल्या. म्हणाल्या, मालनबाईंना पण शिकवून ठेवते, बॅकअप. मालन घरून जेवणाचे डबे पुरवते, तिने त्यांची कणीक मळता मळता हात धुतले आणि पाय कसा धरायचा ते बघितलं. बघून परत कणकेला लागली. मी म्हणालो, हँडलर एकच असतो. मिस म्हणाल्या, येस, एकच. आणि माझ्याकडे बघत राहिल्या. हे बघणं मला आवडलं नाही.

संध्याकाळी गुणीला सरळ विचारलं. ती म्हणाली, काका, मी शब्द दिलाय ना, तुम्हीच आहात. पण ही माझी एकच संधी आहे हो.  मी म्हणालो, तू निर्धास्त राहा. मग मीच अस्वस्थ होऊन करी रोड पुलापर्यंत दोनदा जाऊन आलो.

७ ऑक्टोबर. खंडेनवमी. दुपार.
आज माझी खरी किंमत कळेल.

सकाळपासून काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. बादल्या घासल्या, सायकल पुसली, तरी चैन नाही. मग एकदम लक्षात आलं. आज खंडेनवमी! मिलमध्ये या दिवशी मशीन धुऊनपुसून, तेल देऊन, झेंडूचा हार घालून, हळदकुंकू लावल्याशिवाय कोणी दसऱ्याला त्याला हात लावत नसे. इथे उद्या एवढी मोठी शर्यत, आणि जिच्यावर सगळं अवलंबून आहे ती वस्तू कपाटाला टेकून तशीच उभी. पूजा नाही, काही नाही. डोरिस मिसना हे सुचणं शक्य नव्हतं. मालनला सुचायला हवं होतं.

गुणी आतल्या खोलीत आराम करत होती. मालन डबे पोचवायला गेली होती. पळायचा पाय पाटावर ठेवला. हार घातला. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग मालनच्या शिलाई मशीनचं तेल घेतलं. गुडघ्याला चार थेंब दिले. करकर बंद! हलवून बघितलं, लोण्यासारखा चालतो. मग तेलाचं बोट पेल्याच्या काठावरून फिरवलं, थोडं आतून. फार नाही. मिस म्हणतात ते मला माहीत आहे, पण त्या रोजच्या दिवसाबद्दल बोलत होत्या. पूजेचं तेल वेगळं. शिवाय नंतर धोतराने पुसून काढलं.

हात जोडले आणि अगदी मनापासून म्हणालो, पोरीला पळव. 

कोणाला सांगितलं नाही. ती जिंकल्यावर सांगेन.

८ ऑक्टोबर. दसरा. संध्याकाळ.
सविस्तर लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो, कारण लोक आपापल्या परीने सांगतील.

पोहण्यात गुणी पहिली. मी तिला खुर्चीपर्यंत आधार दिला, एकदम शिस्तीत. डोरिस मिसनी लांबून अंगठा दाखवला. सायकलवरही पहिली. खुर्चीत बसली, पाय म्हणाली. मी पाय दिला. बिनचूक, दोन्ही हातांनी. तिने घातला, उठली, निघाली. इथपर्यंत माझं काम संपलं होतं, हे नोंदवून ठेवतो.

पहिल्या वळणावर पायाचं पातं फिरून बाजूला बघायला लागलं. गुणीने ते सरळ केलं. पुन्हा फिरलं. मग पाय सुटला आणि ती रस्त्यावर बसली. मांडीवरून लाल ओघळ आला. शर्यतीचा डॉक्टर पेटी घेऊन धावला, पंचाने हात वर करून तिला थांबवलं. रक्त आहे, पुढे सोडणार नाही म्हणे. गुणी ओरडून सांगत होती, रक्त नाही, कुंकू आहे, वास घेऊन बघा. पंच परप्रांतातला, त्याला कुंकू पायाच्या आत कसं जाईल हे पटेना. डॉक्टरने पुसून बघितलं. पेल्यातून एक झेंडूची पाकळी निघाली. तेवढ्यात दोघी जणी पुढे गेल्या.

तिने टोपीने आतून पुसलं, पाय घातला. तेल काही पुरतं निघत नाही. मग दोन्ही हातांनी पेला मांडीला दाबून धरून ती चालत, मध्येच उड्या मारत शेवटापर्यंत गेली. तिसरी आली. मी कठड्यापाशी उभा होतो. मला बाहेर सोडत नव्हते. सोडलं असतं तरी मी काय केलं असतं, कोण जाणे.

डोरिस मिस माझ्याकडे न बघता सायकल आवरायला लागल्या. चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं.

टॅक्सीत मी समजावून सांगायला लागलो, की हे मूळ संपाचं नुकसान आहे, संप झाला नसता तर माझा हात मशीनवर पक्का बसला असता आणि तेल किती द्यायचं... गुणी खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, काका, संप माझ्या जन्माच्या आधीचा. पाय आजचा होता.

मालनने सोनं वाटायला आपट्याची पानं आणली होती. कोणीच कोणाला दिली नाहीत.

२४ ऑक्टोबर.
टीममध्ये एक जागा उरलीय म्हणून डिसेंबरात आणखी एक चाचणी जाहीर झाली आहे, पुण्याकडे. शेवटची. गुणी म्हणाली, काका, तुम्ही या वेळी घरी थांबाल? तुमच्यावर राग नाही. पण माझ्या पोटात भीती राहील. मी म्हणालो, घर सांभाळायला कोणीतरी जबाबदार माणूस हवाच. ती माझा हात धरून बसली. मग बँकेत गेली.

लवूला सांगितलं की मी स्वतःहून मालनला संधी दिली. लवू बरं बरं म्हणाला आणि त्याने चहा मागवला. चहाचे पैसे मीच दिले.

१४ डिसेंबर, शनिवार.
दोघी गेल्या. घरात एकदम मोकळं झालं. आता मनासारखी शिस्त लावता येईल. उद्या पहाटे पाचला उठणे.

तीनदा कपाटाजवळ जाऊन आलो. तिथे भिंतीवर पात्याचा काळा डाग पडला आहे, बाकी काही नाही.

१५ डिसेंबर, रविवार. दुपार.
पाचला उठलो. खरोखर. पहिल्यांदाच. झोपच लागली नव्हती. उठून करायला काही नव्हतं.

सकाळभर फोन हातात. तोंडात तंबाखूही धरवत नव्हती. शेवटी मालनचा आला. मागे डोरिस मिसची शिट्टी आणि गलका. गुणी पहिली! टीममध्ये निवड झाली. मी खाली बसलो. रडू आलं, ते मी आवरलं नाही, बघायला कोणी नव्हतं. मग हँडलर म्हणून एकच विचारलं, आतून कोरडा होता ना पाय? मालन म्हणाली, कोरडाच होता. तुम्ही नव्हतात ना इथे.

गुणी आल्यावर दारातच ओवाळायचं ठरवलं. दार उघडून बघितलं तर केवढ्याने करकरतं, त्या दोघी येताना बरं दिसणार नाही. म्हणून शिलाई मशीनच्या खणात तेलाची बाटली शोधली. कपाटात, फळीवर, मोरीत, सगळीकडे शोधली. मालनला पुन्हा फोन केला.

बाटली तिच्या पिशवीत आहे. जाताना बरोबर घेऊन गेली.