दुसरा कशाला?

रविवार, ९ मार्च

चि. बाळ्या,

अनेक आशीर्वाद. मी सुखरूप आहे, तुम्ही दोघंही असाल. "चिठ्ठीसुद्धा न ठेवता गेलीस," म्हणून फोनवर चिडलास ना? घे, ही चिठ्ठी.

मैत्रिणीने तिच्या शिवणाच्या दुकानामागची खोली दिली आहे. पडदे शिवते. खोली एवढीशीच, पण तिला दार आहे. तुझ्या पॅसेजला नव्हतं.

परवा फोनवर तुझं पहिलं वाक्य काय? "ताई, तो दिवसभर किंचाळतोय, छातीची पिसं उपटतोय, शेजारी भांडायला येतात. तू ये बघू परत." मी कशी आहे, हे विचारायचं राहूनच गेलं. असो.

त्या तुरेवाल्या पोपटाचा, तुमच्या कॉकॅटियलचा, पिंजरा मात्र झकास निवडलात हं. उंच नको, रुंद हवा, पंख पसरता आले पाहिजेत, गजांत डोकं अडकता कामा नये. आणि तो ठेवायचा कुठे, यावरून तुझ्या बायकोने घर डोक्यावर घेतलं. स्वयंपाकघराला लागून नको, तव्याच्या धुराने जीव जातो त्यांचा. खिडकीच्या वाऱ्यात नको. पॅसेजमध्ये तर नकोच, येता-जाता धक्के लागतात, रात्री दचकतो. मग त्याला मधली खोली मिळाली. आणि पॅसेजमध्ये, स्वयंपाकघराला लागून, खिडकीच्या वाऱ्यात खाट कोणाची पडली रे?

तरी मी मूग गिळून गप्प बसले. म्हटलं, भावाने आपणहून बोलावलंय. "एकटी कशाला कुढतेस? भाड्याची जागा सोड, आमच्याकडे ये, सोबत होईल." तुझे भाऊजी गेल्यापासून इतक्या मायेने माझ्याशी कोणी बोललंच नव्हतं. सोडली जागा.

खाटेपायी नाही निघाले मी. त्या दिवशी त्याचे दाणे आणायला गेले होते. तुम्ही कामावर गेलात की तो दाराकडे तोंड करून शीळ घालत बसायचा, मला कळवळा यायचा. दुकानदाराला विचारलं, "याला जोडीदार आणला तर?" तो हसायलाच लागला.

"अहो, मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, जोडी न्या, हा एकटा राहत नाही. तर साहेब म्हणाले, दुसरा कशाला? ताई येतेय राहायला, दिवसभर घरीच असेल."

मीही हसले त्याच्याबरोबर. काय करणार? घरी आले, त्याची वाटी भरली, पाणी बदललं आणि मग माझी बॅग भरली.

राग आहे, बाळ्या. नाही म्हणून खोटं कशाला सांगू? मला वाटलं होतं, सोबत माझ्यासाठी आहे. या वयात एवढं साधं कळू नये मला, त्याचाच जास्त राग येतो.

त्या मुक्या जिवाचा काय दोष? त्याची आठवण येते. तुमची येत नाही. आण त्याला जोडीदार. आधी दोन पिंजरे शेजारी ठेव, ओळख होऊ दे. एकदम एकात कोंबू नकोस, तसं जमत नाही.

मी परत येणार नाही. खाट काढलीत की जागा मोकळी होईल, पण नव्या पक्ष्याला पॅसेजमध्ये ठेवू नकोस. तिथे फार वारा लागतो.

तुझी सख्खी,
ताई