पायावरचा भार

कात्रज, पुणे

चि. शकूस ताईचा आशीर्वाद.

माझं मोडलेलं हाड जुळतंय, काळजी नसावी. संशय आहे तो सूनबाईंचा. काल स्वयंपाकघरात शेफाली विक्रमला म्हणाली, "आता आईंचा भार वाढणार." मी तडक बॅग भरायला घेतली.

तर म्हणते, "अहो आई, पायावरचा भार! वजन पडलं की हाडातल्या पेशींना ते जाणवतं, मग त्या नवं हाड बांधतात. डॉक्टरांनीच सांगितलंय."

पेशींना जाणवतं, आणि मला नाही?

आज वॉकर सोडून चालले. खात्री करावी म्हणून शेफालीच्या खांद्यावर मुद्दाम सगळा भार टाकला. हलली नाही.

बॅग तूर्त भरलेलीच आहे. माझ्या मांजरीला दूध घालतेस ना?

तुझी,
ताई