चेटकीण कोण, जाणता कोण

वैशाख शु. ३, मंगळवार
मी सांगते, गयी लिहिती. आज आली शेजारची ठकूबाई. पीठ मागायचं निमित्त. बसता बसता म्हनली, गयीच्या आजीला, म्हंजी मला, चेटूक येतं असं गावभर झालंय. कावून, तर मी चुलीपुढं राख पसरून बोटानं रेघा ओढते आन पुटपुटते, हे तिनंच कवाडातून बघितलं. क ख गिरवत होते मी! लेकानं गयीला शिकवलं, नात मला शिकवती. पण हे बोलायची सोय न्हाई. पोरीला लिहिता येतं म्हणलं की सोयरीक मोडती, आन उमापूरचे पाव्हणे यायचेत तिला बघायला. पीठ देऊन वाटंला लावलं तिला.

शु. ५
अमीनाबी बांगड्या भरायला आली. तिलाबी कळलेलं. हसून म्हनली, अम्मा, आमच्यात जादूगर म्हनलं तर तारीफ हाय. तिच्यात तसं, आमच्यात मातर उलटं. वरच्या आळीचा गडी अंगारा देतो, तो जाणता. त्याला देवरुषी म्हणायचं, नारळ द्यायचा. बाईनं राखेत बोट घातलं की चेटकीण. बांगड्या हिरव्या घेतल्या, गयीला लई शोभतात. एक फुटली तेवढी.

शु. ८, रविवार
आले पाव्हणे. होणारी विहीण आन तिचा भाऊ. ठकूबाई वेशीतच भेटलती त्यांना. विहीण गूळ-पाण्याला शिवली न्हाई. मंग कमरेच्या पिशवीतून कागद काढला. तिचा थोरला लेक हैदराबादला निजामाच्या फौजेत, दुखणाईत असल्याचा निरोप आलता. नंतर हे पत्र, पण वाचणारे कुलकर्णी परगावी. माह्या हातात ठेवून म्हनली,
"चेटूक येतं ना तुमाला? मंग सांगा, माहा लेक जिता हाय का."
थट्टाच, पण डोळे थट्टेचे नव्हते.
बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. पहिल्याच ओळीत 'शिरसाष्टांग' आडवं आलं. आतून गयी तो शब्द बोलून गेली. झालं, म्हणलं, गेली सोयरीक. तरी थांबले न्हाई. ताप उतरलाय, भाकर खातो, आखाडात रजा हाय... विहीण पदर तोंडाला लावून रडली. मंग गयीला बाहेर बोलावलं.
"हिलाबी येतं?"
"येतं. मीच हिच्यापाशी शिकले."
पोरीकडून पत्र अजून दोनदा वाचून घेतलं. गूळ खाल्ला, पाणी प्याली. म्हनली, "आमच्या घरात असं एक माणूस पायजे."
भाऊ मातर जाताना म्हणला, दाजींना लिहिणारी सून चालंल का, इचारावं लागंल.

शु. ९
आज गिरवायला अंगणात बसले, सगळ्यांदेखत. ठ चांगला येतो आता. गयीच्या मनात काय, इचारलं तर नुसती हसती.
पाव्हणे येत्या गुरुवारी येतो म्हणलेत, विहिणीच्या मालकाला घेऊन.